उजवा हात, डावा कान

माणसाने कुणाचंही भलं करावं, पण फॉर्म भरून करू नये. हे शहाणपण मला बेचाळिसाव्या वर्षी आलं, आणि तेही सगळ्या आळीसमोर वडिलांनी मला 'शिकलेला बोकड' म्हटल्यानंतर. मी शाळेत भूगोल शिकवतो. पृथ्वी गोल आहे हे अबेओकुटातल्या अख्ख्या एका पिढीला मी पटवून दिलेलं आहे, तेव्हा बोकड हा शब्द मला लागला. शिकलेला हा त्याहून लागला.

झालं असं, की आई गेली आणि बाबांनी व्हरांड्यातली वेताची खुर्ची धरली. सारा जन्म रेल्वेत गार्ड म्हणून उभ्याने काढलेला माणूस तो, एकदा बसला तो बसलाच. दहा महिने फाटकाबाहेर पाऊल नाही. चर्च नाही, लग्नकार्य नाही, मयत नाही. पेपर यायचा, तोही ते वाचायचे नाहीत, त्याने माश्या हाकलायचे. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वापरले नाहीत तर पाय चालायचं विसरतात, मास्तर. असंच चाललं तर वर्षभरात हे मोरीपर्यंतसुद्धा जाणार नाहीत." त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी कबूल करतो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या कुंपणाला लागून इया सिकिरू चवळीची भजी तळते. तिच्या कढईतून भजी आणि तोंडातून सल्ला सारख्याच वेगाने बाहेर पडतात. ती म्हणाली, "मास्तर, लग्न लावून दे त्यांचं. साठीची एखादी बाई बघ. बघ कसे चालायला लागतात. एक तर तिच्यामागे, नाहीतर तिच्यापासून लांब." वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणाला, कुत्रा पाळा, कुत्र्याला फिरवावंच लागतं. मी भाबडेपणाने हे बाबांच्या कानावर घातलं. बाबांनी माशी मारली आणि विचारलं, "कुत्रा पुढे चालणार आणि मी मागे? मग आमच्यात वडील कोण?"

या प्रश्नात सगळं आलं. आमच्या योरुबा लोकांत माणूस किती शिकला, किती कमावतो, ही चौकशी नंतरची. आधी कोण कुणाच्या आधी जन्मला ते सांगा. धाकट्याने थोरल्याला वाकायचं, थोरल्याने बसल्या जागी आशीर्वाद द्यायचा. जुळ्यांचीसुद्धा आम्ही सोय लावून ठेवली आहे: मागून जन्मलेला तो थोरला, कारण जग कसं आहे ते बघून यायला पहिल्याला त्यानेच पुढे धाडलं. तर अशा लोकांत मी ज्येष्ठांचं व्यायाम मंडळ काढायचं ठरवलं.

हॉल कौन्सिलचा होता. तिथल्या मुख्य कारकून अल्हाजा मुइबात. बाई दोनदा मक्केला जाऊन आलेल्या, आणि तिसऱ्यांदा न जाता आल्याचा राग अर्जदारांवर काढणाऱ्या. त्या म्हणाल्या, "हॉल मिळेल. दर मंगळवारी सकाळी. पण सभासदांची यादी वयाप्रमाणे हवी, वयाच्या कागदांसकट. सगळ्यात वडील तो अध्यक्ष, तो उंच खुर्चीवर बसणार. नियम आहे." मी खूश झालो. आमच्या भागात बाबांपेक्षा वडील पुरुष उरलाच नव्हता. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही अध्यक्ष होणार." दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "खुर्ची कसली आहे? लाकडी का प्लास्टिकची?" मी लाकडी म्हणालो. त्यांनी निळा झगा पेटीतून काढायला सांगितला.

त्याच पेटीत त्यांच्या वयाचा कागदही होता. चौदा म्हाताऱ्यांचे कागद गोळा करून मी एक रात्र बसलो आणि सुवाच्य अक्षरात यादी केली. जन्मसाल उतरवून घेतलं, पण बेरीज-वजाबाकी आणि क्रम लावणं अल्हाजांवर सोडलं. मी भूगोलाचा माणूस.

मंगळवारी व्यायाम शिकवायला गनियू नावाचा फुटबॉल खेळणारा चोवीस वर्षांचा गडी आणला होता. तो शिट्टी वाजवत आत आला, समोर चौदा म्हातारे बसलेले पाहिले आणि शिट्टी त्याच्या तोंडातून गळून पडली. बिचारा चांगल्या घरचा होता. त्याने पहिल्या आजोबांसमोर जमिनीवर पालथं पडून दंडवत घातला. मग दुसऱ्यांसमोर. प्रत्येकाने त्याच्या बायकोची, मग बायको नसण्याच्या कारणांची, मग गावाकडच्या पिकाची चौकशी केली आणि सावकाश आशीर्वाद दिला. नमनालाच घडाभर तेल गेलं. चौदावा दंडवत घालून उठला तेव्हा गनियू घामाने निथळत होता आणि म्हातारे ताजेतवाने होते.

पुढची अडचण अशी, की थोरांना हुकूम सोडायचा कसा? 'हात वर' असं म्हणणं म्हणजे आईबापांचे संस्कार चव्हाट्यावर आणणं. गनियू हात जोडून म्हणाला, "आजोबा, आपल्या मनात आलं, आणि हाताची हरकत नसली, तर हात थोडासा वर गेला तर बरं होईल."

"नाही आलं मनात," एक आजोबा म्हणाले.

"तू करून दाखव बाळा," दुसरे म्हणाले. "आम्ही बघतो."

मग गनियूने तासभर उड्या मारल्या, बैठका काढल्या, आणि चौदाजण मान डोलावून दाद देत राहिले. शेवटी काकुळतीला येऊन तो म्हणाला, "निदान उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान तरी..."

हॉलमध्ये एकदम चैतन्य आलं. ही आमच्या म्हाताऱ्यांची शाळाप्रवेशाची परीक्षा! त्या काळी जन्माचा दाखला कुणाकडे होता? मास्तर पोराला उभं करायचा, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचला तर पोर सहा वर्षांचं, नाही पोचला तर घरी जाऊन आणखी लापशी खा. चौदाच्या चौदा हात वर गेले. खांदे कटकट वाजले. कुणी आपला कान सापडला म्हणून ओरडलं, कुणी शेजाऱ्याचा धरला. बाबाही हसत होते. मी खिडकीशी उभा राहून डोळे पुसत होतो. आपण समाजाचं काही भलं करतो आहोत असं मला वाटलं. अशा वेळी माणसाने लगेच घरी जावं.

तेवढ्यात अल्हाजा यादी घेऊन उभ्या राहिल्या. "वयाने सर्वांत वडील, म्हणून अध्यक्ष: निवृत्त हेडमास्तर ओडुंटान, वय एकाहत्तर." मग खाली खाली येत शेवटी, "सर्वांत धाकटे, पा शोवांदे, वय एकोणसत्तर."

पा म्हणजे आजोबा, आणि पा शोवांदे म्हणजे माझे बाबा. ते शहात्तर वर्षांचे आहेत.

हेडमास्तर ओडुंटान उंच खुर्चीवर जाऊन बसले. झगा सारखा केला. मग एकेक जण जाऊन त्यांना वाकू लागला, आणि ते बाबांकडे बघत थांबले. सगळा हॉल थांबला.

"ओडुंटान," बाबा म्हणाले, "तुझ्या बारशाला मी पोटभर जेवलोय."

"असशील," ओडुंटान म्हणाले. "पण कागद काय म्हणतो?"

बाबा उठले आणि हॉलबाहेर गेले. मी अल्हाजांशी हुज्जत घालून बाहेर आलो तोवर ते दिसेनासे झाले होते. गाडी घेऊन मी सगळा लाफेन्वा भाग धुंडाळला, पुलावर गेलो, हॉस्पिटलात डोकावलो. घरी आलो तर ते व्हरांड्यात कोमट पाण्यात पाय सोडून बसलेले. दोन मैल चालत आले होते. इया सिकिरूसकट सगळी आळी कुंपणाशी उभी होती, आणि तिथेच माझा तो बोकडाचा सत्कार झाला.

"पण बाबा, कागदावरच तसं आहे!"

"कागद नोकरीचा आहे, मूर्खा! माझं वय वेगळं आहे. आमच्या वेळी रेल्वेत सगळ्यांना दोन वयं असायची, एक घरचं आणि एक ऑफिसचं. तुम्ही सात भावंडं शिकत होता. वेळेवर, पंचावन्नाला, रिटायर झालो असतो तर तुला भूगोल कुणी शिकवला असता? म्हणून कोर्टात शपथ घेऊन सात वर्षं कमी करून घेतली. तू ऑफिसचं वय देवाच्या वयाच्या यादीत लिहून आलास!"

थोडक्यात, माझ्या शिक्षणासाठी बाबा धाकटे झाले आणि त्याच शिक्षणाच्या सुवाच्य अक्षरात मी ते जगजाहीर केलं. इया सिकिरू म्हणाली, "पण वय दुरुस्त केलंत आणि रेल्वेने सात वर्षांचा पगार परत मागितला तर?" बाबा म्हणाले, "रेल्वेला कागद वाचायला आणखी सात वर्षं लागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची रिकामी. मी घाबरलो. माझी बायको मोरेनिके म्हणाली, "ओरडू नका. कौन्सिलात गेलेत. टोपी घालून."

दुपारी दोनला आले, रागाने धुमसत. अल्हाजांनी सांगितलं होतं: वय वाढवायचं असेल तर नवं प्रतिज्ञापत्र, चार फोटो, शाळेचा दाखला, आणि जन्म डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार. साक्षीदार अर्जदारापेक्षा वयाने मोठे हवेत. आता शहात्तरीच्या माणसाचा जन्म पाहिलेले दोन इसम आणायचे कुठून? मी म्हटलं, "बाबा, मी गाडीने..." ते म्हणाले, "तू घरी बस. तू मदत केलीस की माझं वय कमी होतं."

मग ते रोज जाऊ लागले. शाळेच्या जुन्या रजिस्टरसाठी चार खेपा. शिपाई गावाला गेला होता, मग किल्ली गावाला गेली होती, मग रजिस्टर होतं पण त्यावर कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिला उठवायला हेडबाई तयार नव्हत्या. एकवीस दिवस बाबा कोंबडीची चौकशी करायला जात होते. पिल्लं निघाली, रजिस्टर मिळालं. १९५५ साली, ज्या वर्षी शाळा फुकट झाल्या त्या वर्षी, बाबा चौथीत होते. ऑफिसच्या वयाप्रमाणे ते तेव्हा चार वर्षांचे होते. चार वर्षांचा पोरगा चौथीत! अल्हाजांनी नोंद तीनदा वाचली आणि म्हणाल्या, "हुशार असाल. साक्षीदार आणा."

एक साक्षीदार सापडली. इटोकूच्या बाजारामागे निळीच्या रंगाचे रांजण आहेत, तिथे कोपरापर्यंत निळे हात असलेली एक नव्वदीची आजी अजून कापड बुडवते. बाबा तिच्याकडे सलग आठ दिवस गेले, कारण ती रोज वेगळ्याच माणसाचा जन्म आठवायची. नवव्या दिवशी म्हणाली, "अरे, तू तो! गावची पोरं ब्रह्मदेशच्या लढाईला गेली त्या साली झालास. पायाळू. तुझ्या आईने सगळी आळी जागवली होती." बाबा घरी येऊन दोन वाट्या जास्त जेवले.

दुसरा साक्षीदार मात्र मिळेना. सगळे वर गेलेले. तेव्हा अल्हाजांनी चष्मा पुसला आणि कायदा उलगडला. "हे बघा, साक्षीदार अर्जदारापेक्षा मोठा हवा. अर्जदाराचं वय आजच्या कागदावर एकोणसत्तर. म्हणजे सत्तरीच्या पुढचा कुणीही चालेल. तुमच्या आळीत असा एकच आहे. हेडमास्तर ओडुंटान."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाबा ओडुंटानपेक्षा मोठे आहेत हे सिद्ध करायचं, तर ओडुंटानने शपथेवर सांगायचं, की मी शोवांदेपेक्षा मोठा आहे आणि त्याचा जन्म मी स्वतः पाहिला!

"बरोबर," अल्हाजा म्हणाल्या. "नियम आहे."

बाबा आठवडाभर चडफडले. पण खुर्चीत बसून नव्हे, फेऱ्या मारत. एका संध्याकाळी मोरेनिके मला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेली. "अहो, ही खुर्ची बघा." वेताच्या खुर्चीच्या दोन हातांमध्ये कोळ्याने ऐसपैस जाळं विणलं होतं. मी बघत राहिलो. दोन महिने मी बाबांचा अपमान, माझा अपमान आणि कौन्सिलचा कारभार यांत इतका गुरफटलो होतो, की बाबा रोज पाच-सहा मैल चालतात, बाजारातल्या निम्म्या माणसांना नावाने ओळखतात, आणि रात्री आडवे पडताक्षणी घोरतात, हे मला दिसलंच नव्हतं. कोळ्याला दिसलं.

आणि लगेच दुसरी काळजी लागली. हे काम झालं की पुढे काय? कागद हातात आला, की बाबा ते जाळं झटकणार आणि परत बसणार.

शेवटी बाबा ओडुंटानकडे गेले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते कळलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "सोमवारी येतो म्हणाला. तोंड वाकडं करून म्हणाला, पण म्हणाला."

सोमवारी कौन्सिलात ही गर्दी! निळ्या हातांची आजी बाकावर, मंडळाचे बाकीचे बाराही म्हातारे भिंतीला टेकून, इया सिकिरू भज्यांची टोपली घेऊन, आणि पाणी वाटायला गनियू. ओडुंटान इस्त्रीच्या झग्यात पुढे आले. अल्हाजांनी धर्मग्रंथ पुढे सरकवला. "बोला. मी अर्जदारापेक्षा वयाने मोठा असून त्याचा जन्म प्रत्यक्ष पाहिला आहे."

ओडुंटानने हात ठेवला. मग हात काढून घेतला.

"हे मला म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या. हा जन्मला तेव्हा मी नव्हतोच. मी एकाहत्तरचा नाही. एकोणसत्तरचा आहे."

भिंतीशी एकच गलका झाला. अल्हाजांनी टेबलावर शिक्का आपटला. "मग तुमचा कागद?"

"शाळा फुकट झाली तेव्हा मी चार वर्षांचा. माझा हात कानाला पोचेना. मास्तर घरी पाठवणार, तर चौथीतला हा शोवांदे माझ्यामागे उभा होता. याने गुपचूप माझं डोकं वाकवलं आणि कोपर असं काही ढकललं, की माझा हात कानावरून गालापर्यंत आला. मास्तरने सहा वर्षं लिहिली."

"मग? तूच रडत होतास, दादा मला पण शाळा म्हणून," बाबा पुटपुटले.

म्हणजे स्वतःला धाकटं करण्याचा आणि ओडुंटानला थोरलं करण्याचा, दोन्ही उद्योग बाबांचेच!

"त्याच वर्षी माझे वडील गेले," ओडुंटान म्हणाले. त्यांचा आवाज आता हेडमास्तरचा राहिला नव्हता. "दोन वर्षं थांबलो असतो तर मला शाळेत कुणी घातलं असतं? शेतावर गेलो असतो. याच्या एका धक्क्यावर मी हेडमास्तर झालो. आणि त्या मंगळवारी मी उंच खुर्चीवर बसून याच्या दंडवताची वाट बघत होतो. दोन महिने मला अन्न गोड लागलं नाही."

असं म्हणून त्या माणसाने झगा सावरला आणि कौन्सिलच्या फरशीवर, सगळ्यांच्या देखत, बाबांच्या पायाशी पालथं पडून पूर्ण दंडवत घातला. मला गलबलून आलं, ते मी लपवलं नाही. अल्हाजांनी चष्मा काढला.

बाबांनी आशीर्वाद दिला. लांबलचक दिला. तो संपला तरी ओडुंटान उठेनात.

"ऊठ आता," बाबा म्हणाले.

"उठता येत नाही, दादा," फरशीवरून आवाज आला. "कंबर धरली."

बाबा त्यांना उठवायला वाकले, आणि तेही वाकलेलेच राहिले. मग गनियू धावला. पण थोरांना हात कसा लावायचा, म्हणून आधी त्याने दोघांना दंडवत घातला, म्हणजे आता तिघं खाली. शेवटी निळ्या हातांची आजी ओरडली, "अरे पोरांनो, आधी गुडघा घ्या पोटाशी! आता हात टेका! आता ढुंगण वर!" नव्वदीचा हुकूम, मोडतो कोण? दोघांनी निमूटपणे गुडघा पोटाशी घेतला. भिंतीशी उभ्या बाराजणांनीही, सवयीने, आपापला गुडघा उचलला. माझ्या मंडळाचा खरा पहिला व्यायाम तो. गनियूने तिथल्या तिथे आजीला शिट्टी देऊन टाकली.

सगळं स्थिरस्थावर झाल्यावर अल्हाजा म्हणाल्या, "आता दोन प्रकरणं झाली. दोघांचंही वय दुरुस्त करावं लागेल. शिवाय कागद बघता या बाराजणांचंही काही खरं दिसत नाही. हे तीन नंबरचे पा, कागदाप्रमाणे स्वतःच्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत."

"सगळ्यांचं करू," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "ओडुंटान, तू अर्ज लिही, तुझं अक्षर चांगलं. साक्षीदार मी शोधतो. उद्या सकाळी सातला पुलापाशी ये. चालत ये."

"येतो, दादा."

सगळे बाहेर पडल्यावर मी मागे रेंगाळलो. अल्हाजांच्या टेबलाशी वाकून हळूच म्हणालो, "मॅडम, एक विनंती होती. या फायलींची फार घाई केली नाहीत तरी चालेल."

बाई ताठ झाल्या. "मास्तर, एकवीस वर्षं मी या खुर्चीत आहे. घाई केल्याचा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नाही." मग त्यांनी खण उघडला, चौदा कोरे फॉर्म काढले, मोजले, आणि त्यांत आणखी एक घातला. "हा पंधरावा माझ्या वडिलांचा. तेही खुर्ची धरून बसलेत. त्यांचं वय अगदी बरोबर आहे, पण ते त्यांना सांगू नका. उद्या सातला कुठे म्हणाले तुमचे बाबा, पुलापाशी?"